कडब्याचा हत्ती

निवृत्त शिक्षिकेला लोक एक प्रश्न हमखास विचारतात, "बाई, तुमचा विषय कोणता?" जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत विषयबिषय काही नसतो. गणितापासून खिचडीतलं मीठ चाखण्यापर्यंत सगळं आपल्याच गळ्यात. पण खरं सांगायचं तर माझा विषय पसारा हा होता. चित्रांच्या गोष्टीचं पुस्तक वर्गात वाचायचं आणि मग त्यावरून मुलांना काहीतरी करू द्यायचं. चिकटवायचं, बांधायचं, उभं करायचं. आमचे मुख्याध्यापक सोनवणे सर त्याला 'बाईंचा उकिरडा' म्हणत. माणूस प्रेमळ होता, पण वर्गात कागदाचा कपटा दिसला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

हे काम बाहेरून वाटतं तितकं सोपं नाही आणि आम्ही शिक्षक भासवतो तितकं अवघडही नाही. पुस्तक मुलांसमोर धरायचं, मजकुरावर हात ठेवायचा आणि विचारायचं, इथं काय चाललंय? पहिल्या दिवशी नुसती चित्रं. दुसऱ्या दिवशी गोष्ट. तिसऱ्या दिवशी मुलांनीच ठरवायचं की यातलं आपण काय करायचं. माझे नियम दोनच होते. चित्र बघून तसंच्या तसं उतरवायचं नाही, आणि बाईंनी मुलांच्या कामाला हात लावायचा नाही. पहिला नियम मुलं मोडायची आणि दुसरा मी. एखाद्याचं वाकडं घर दिसलं की माझी बोटं शिवशिवायची.

सिरसाळ्याच्या पुढं, मोटार रस्त्यापासून आत असलेल्या एका गावात मी सात वर्षं होते. तिथं आमच्याकडं एका पुस्तकात हसरा सूर्य होता, गालांवर गुलाबी ठिपके असलेला. तो रंगीत कपट्यांनी करायला घेतला तर तिसरीतल्या मंगलनं हात वर केला.

"बाई, ह्यो काऊन हसायलाय?"

मी म्हटलं, "सकाळ झाली ना, म्हणून आनंद झालाय त्याला."

"त्याला व्हायचाच," मंगल म्हणाली आणि खाली मान घालून कपटे चिकटवू लागली.

त्या दिवशी वर्गातल्या एकाही मुलानं सूर्याला तोंड काढलं नाही. ही चित्रांची पुस्तकं बहुतेक पाऊस पडणाऱ्या गावात छापली जात असावीत, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. मी त्यात मुलांची चूक काढली नाही, एवढंच माझं शहाणपण.

पुढच्या वर्षी मंगल चौथीत गेली आणि त्या वर्षी पाऊस आलाच नाही. म्हणजे आला, पण नुसता तोंड दाखवून गेला. ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि तिथंच वाळली. दरवर्षी दसऱ्यानंतर अर्धं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जायचं, त्या वर्षी पाऊण गाव गेलं. मागं राहिले म्हातारे, जनावरं आणि ज्यांना घरी कुणीतरी बघणारं होतं अशी मुलं. तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गात माझ्याकडं बावीस मुलं उरली. मंगलचे आई-वडीलही गेले. ती आजोबांजवळ राहिली. गाव त्यांना तात्या म्हणायचं. तात्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळं ते तोडीवर जाऊ शकत नव्हते. आणि घरी कपिली होती, पहिल्याच वेताची दुभती गाय. तिचं दूध गावच्या दूध संस्थेत जायचं, त्यावर या दोघांचं मीठ-मिरची चालायचं.

गावात पाण्याचा टँकर यायचा, पण त्याची वेळ त्याच्या मनावर. शाळेच्या टाकीतलं पाणी फक्त पिण्याला आणि खिचडीला, असं सोनवणे सरांनी फळ्यावर लिहून ठेवलं होतं. खाली माझ्यासाठी म्हणून खास ओळ होती, 'रंगकामास पाणी मिळणार नाही.' रंग बंद. माती कालवणं बंद. चिकटवायला खळ शिजवणं बंद. मी चिडले, पण सरांचं चूक नव्हतं. मुलं घरून रिकाम्या बाटल्या आणायची आणि शाळा सुटताना भरून न्यायची, ते मला दिसत होतं.

अशा वेळी मी हत्तीचं पुस्तक काढलं. एका गावात हत्ती येतो. दमलेला असतो, त्याला झोपायला जागा हवी असते. तो घरोघर विचारत फिरतो, पण कुठल्याच दारातून आत मावत नाही. शेवटी तो माळावरच आडवा होतो, आणि उन्हानं तापलेलं सगळं गाव त्याच्या सावलीत येऊन झोपतं. चित्रं फार गोड होती. शेवटच्या चित्रात हत्तीच्या पोटाला टेकून माणसं, कुत्री, कोंबड्या, सगळी पसरलेली.

मी पुस्तक मिटलं.  मग मंगल म्हणाली, "बाई, पर ह्यो खातो काय?"

मी पानं उलटून बघितली. हत्ती पुस्तकभर गावात हिंडतो, पण एकदाही खात नाही. पाणीसुद्धा पीत नाही. शहरातल्या मुलांना वाचून दाखवलं असतं तर कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. इथं मात्र अर्धा तास तोच विषय चालला. एवढ्या मोठ्या जनावराला दिवसाला किती पेंढ्या लागतील, चारा छावणीत त्याला घेतील का, अख्खा टँकर हा एकटाच तर पिऊन टाकणार नाही ना. मी म्हटलं, ते पान लेखकानं आपल्यासाठी सोडलंय, आपण करू. शिक्षकाला उत्तर येत नसलं की असं बोलावं लागतं.

तिसऱ्या दिवशी मुलांनी ठरवलं, हत्ती करायचा, आणि खराखुरा मोठा करायचा. रंग नाही, माती नाही, मग कशाचा? मी अंबाजोगाईत वाढलेली बाई. कडबा म्हणजे ज्वारीची वाळलेली धाटं, काटक्यांसारखीच एक वस्तू, एवढीच माझी समज. मी सहज म्हणाले, "उद्या प्रत्येकानं चार-चार धाटं आणा." माझी चूक ती हीच. त्या गावात कडबा धाटांवर कुणी मोजत नाही, पेंढीवर मोजतात. बाईंनी कडबा मागितला आणि तोही हत्तीसाठी, तर चार काड्या घेऊन जाणं म्हणजे घरची अब्रू घालवणं. दुसऱ्या दिवशी मुलं डोक्यावर पेंढ्या घेऊन आली. कुणी एक, कुणी दोन. दूध संस्थेच्या चेअरमनांच्या नातीनं तर गड्याच्या डोक्यावर पाच पाठवल्या.

मला त्याच वेळी कळायला हवं होतं. पण एवढं सामान समोर बघून मी हरखून गेले.

आठ दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा सांगाडा, त्यावर कडबा, वरून सुतळीचे वेढे. कान म्हणून दोन फाटकी सुपं, शेपटीला झिजलेली केरसुणी, सुळ्यांना पांढऱ्या पाइपाचे तुकडे. बाहेर बांधला तर शेळ्या खातील म्हणून हत्ती वर्गातच उभा केला. तुळईला पाठ टेकेपर्यंत वाढवला आणि मग आमच्या ध्यानात आलं की तो आता दारातून बाहेर निघणार नाही. मुलं हसून हसून लोळली. पुस्तकातला हत्ती कुठल्या घरात शिरू शकत नव्हता, आमचा बाहेर पडू शकत नव्हता. माझ्या सगळ्या नोकरीत वर्ग इतका हसलेला मला आठवत नाही.

चेअरमन स्वतः बघायला आले. धोतर आवरत हत्तीभोवती एक चक्कर मारली, पोटात बोट खुपसून बघितलं.

"बाई, गावातली जनावरं खंगायलीत अन् तुमी हत्ती पोसायलात का?"

"मुलांनी केलाय, चेअरमनसाहेब."

"ते दिसायलंय. लई झ्याक केलाय. पर ह्याच्या पोटात आमच्या पाच पेंढ्या हायेत, तेवढं ध्यानात असू द्या."

छावणीचा अर्ज त्यांच्याच संस्थेनं दिलेला होता. मंजुरी आज येते, उद्या येते, असं चाललेलं. मी म्हटलं, छावणी उघडली की कुणाला काय कमी पडणार आहे! त्यांनी हत्तीकडं आणखी एकदा बघितलं आणि ते निघून गेले.

सोनवणे सर मात्र पालटले. ज्यांना कपटा खपत नव्हता ते पाहुण्यांना वर्गात आणून हत्ती दाखवू लागले. त्यांनीच तालुक्याला कळवलं. निरोप आला की शनिवारी शिक्षण खात्याचे साहेब येणार, हत्ती बघणार, आणि पसंत पडला तर जिल्ह्याच्या प्रदर्शनात आमच्या शाळेचं नाव लागणार. मी वरवर म्हटलं, "कशाला ते?" आतून गुदगुल्या झाल्या. इतकी वर्षं उकिरडा म्हणून घेतलं होतं.

त्याच सुमारास हत्ती वाळायला लागला. खरंच. डावी कूस आत गेल्यासारखी दिसू लागली. आधी वाटलं उंदीर असतील. मग एका सकाळी दाराजवळ कडब्याच्या पाचोळ्याची रांग दिसली. उंदीर काही दारातून जात नाहीत. मी वर्गाला उभं केलं आणि नको तेवढं बोलले. "सगळ्यांनी मिळून केलेली वस्तू एकटं कुणी नासवत असेल तर त्याला लाज वाटायला पाहिजे," असं काहीतरी. बावीस मुलं खाली बघत होती. मधल्या सुट्टीत मी कूस स्वतःच्या हातांनी दाबून दुरुस्त केली, माझाच नियम मोडून.

गुरुवारी दुपारी तात्या शाळेत आले. काठी टेकत, काखेत कडब्याचा एवढासा भारा घेऊन. मंगल त्यांना बघून पांढरी पडली. त्यांनी भारा माझ्या टेबलावर ठेवला.

"बाई, आमची कडब्याची गंज चार दिस झाले सरली. तरी बी गव्हाणीत रोज सकाळी मूठ-दोन मूठ कडबा पडायलाय. पोरीला इचारलं तर बोलंना. ही कुनाची चोरी हाय, तेवढं मला सांगा. ज्याचा हाय त्याला मी नेऊन देतो."

दुष्काळात कडबा चोरणं म्हणजे काय, हे तोवर मलाही समजलं होतं.  मी मंगलकडं बघितलं. ती जागची उठली, हत्तीच्या डाव्या कुशीपाशी गेली आणि सुतळीखालून लाल चिंधीचा एक तुकडा ओढून काढला.

"मी चोरी न्हाई केली. माझ्या दोन पेंढ्यांला मी लाल चिंधी बांधली होती. त्यातलाच नेला. दुसऱ्याच्या पेंढीला हात न्हाई लावला."

तात्या खाली बसले. त्यांच्या गंजीत शेवटच्या पाच पेंढ्या होत्या, त्यांतल्या दोन हत्तीसाठी आल्या होत्या. त्या कमी झाल्या म्हणून तात्यांनी शेजारच्या भाऊबंदावर संशय घेतला होता आणि त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आता येत्या बाजारी, म्हणजे रविवारी, कपिलीला न्यायचं ठरलं होतं. त्या दिवसांत बाजारात गेलेली गाय कुणाच्या दावणीला जात नसे, एवढं मंगललाही ठाऊक होतं. छावणी उघडेपर्यंत तग धरला तर गाय वाचणार होती. म्हणून पोरगी रोज दप्तरात पुस्तकांच्या मागं मूठभर धाटं मोडून नेत होती, आणि मी तिची लाज काढली होती.

यानंतर मी जे बोलले ते लिहायला आजही जड जातं. मी म्हणाले, "तात्या, शनिवारी साहेब येऊन जाऊ देत. दुपारी लगेच तुमचा कडबा मोकळा करून देते. दोनच दिवसांचा प्रश्न आहे."

तात्या काठीवर भार देऊन उठले. आवाज चढवला नाही. "बरं," म्हणाले, "गाईला तसं सांगतो."

ते गेले. मुलं माझ्याकडं बघत होती. मी हत्तीकडं बघितलं. सुपाचे कान, पाइपाचे सुळे, आणि आत बावीस घरांतली जनावरांच्या तोंडची वैरण. चार धाटं मागणाऱ्या बाईला ते आता दिसलं. मला माझी इतकी लाज वाटली की खुर्चीवर बसवेना. मी मुलांना गोल बसवलं आणि विचारलं, काय करायचं?

भांडण झालंच. चेअरमनांची नात रडायला लागली, साहेब येणार म्हणून तिनं नवीन फ्रॉक काढून ठेवला होता. एक म्हणाला, मंगलचा तेवढा काढून देऊ. दुसऱ्यानं सांगितलं की कूस काढली तर पाठ बसंल, मग साहेबांना काय दाखवायचं? बराच वेळ असं चाललं. मग कोपऱ्यातून तिसरीतली एक बारकी पोर म्हणाली, "पुस्तकात सगळं गाव हत्तीखाली येऊन झोपलंय. तवा गाय बी आलीच असंल की."

भांडण तिथंच मिटलं. ठरलं ते असं: पोट कपिलीला, बाकीचं ज्याचं त्याच्या घरी. शुक्रवारी सकाळी आम्ही हत्ती उकलला. फाडला नाही. शेवटचा वेढा आधी, पहिला सगळ्यात शेवटी, अगदी उलट्या क्रमानं. माझ्या बोटांना शिवशिव सुटली होती, पण मी भिंतीला टेकून उभी राहिले. मुलांनी पेंढ्या पुन्हा बांधल्या, डोक्यावर घेतल्या आणि ती रांगेनं आधी तात्यांच्या गोठ्यात गेली. तात्या दारात उभे होते. त्यांनी पोटाच्या एकेक पेंढीला हात लावला आणि विचारलं, "कुनाची हाय?" पोरं म्हणाली, "हत्तीची." तेव्हा त्यांनी ती आत घेतली. चेअरमनांच्या नातीच्या पाचही पेंढ्या त्या पोटात होत्या. चेअरमनांनी पुढं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

सोनवणे सर शुक्रवारी तालुक्याला बैठकीला गेले होते. शनिवारी सकाळी ते साहेबांना घेऊनच आले आणि मोठ्या आवाजात "या साहेब, आमचा हत्ती" म्हणत वर्गाचं दार उघडलं. आत दोन सुपं, एक केरसुणी, पाइपाचे दोन तुकडे आणि फरशीवर खडूनं आखलेले चार मोठे गोल, जिथं पाय होते. सरांचा चेहरा मी शब्दांत सांगू शकत नाही. पुढं महिनाभर ते माझ्याशी फळ्यावर लिहूनच बोलत होते.

साहेब पोक्त गृहस्थ होते. त्यांनी मुलांनाच विचारलं, "हत्ती कुठं गेला?"

"गोठ्यात," सगळी मुलं एकदम.

मग सगळी हकिकत निघाली, बावीस तोंडांनी. साहेब ऐकत होते. तेवढ्यात मंगल पळत घरी जाऊन चहाची किटली घेऊन आली. पाहुण्याला बिनदुधाचा चहा कसा द्यायचा म्हणून तात्यांनी धारेतलं दूध काढून ठेवलं होतं. साहेबांनी घोट घेतला.

"चांगला झालाय. कुणाच्या घरचं दूध?"

मंगलनं क्षणभर विचार केला आणि अगदी खरं ते सांगितलं. "हत्तीचं हाय, साहेब."

साहेबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, चला, बघू या. भर उन्हात ते तात्यांच्या गोठ्यापर्यंत गेले. कपिली शांतपणे खात होती. साहेबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि शाळेत परत येऊन शेरेबुक मागितलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. छावणी पुढच्या आठवड्यात उघडली. कपिली बाजारात गेली नाही, नंतर तिला आणखी तीन वेतं झाली. तात्यांनी भाऊबंदाच्या घरी जाऊन माफी मागितली आणि तिथंच जेवून आले. प्रदर्शनात आमच्या शाळेचं नाव लागलं नाही. मंगल आता तिच्या सासरच्या गावात दूध संस्थेची सचिव आहे, आणि फोनवर माझ्याशी तिथल्या चेअरमनबद्दल तक्रारी करते. हत्तीच्या पुस्तकात शेवटच्या पानाआधी तिनं स्वतःचं एक पान सुईदोऱ्यानं शिवलेलं आहे. त्यावर गव्हाण आणि गाय आहे, आणि खाली लिहिलंय, 'हत्ती काय खातो ते आम्हाला माहीत नाही. आमचा हत्ती गाईनं खाल्ला.' त्या गुरुवारी मी तात्यांना दिलेलं उत्तर मला अजून खातं. पण बावीस मुलांनी ते चोवीस तासांत पुसून टाकलं, हे माझं नशीब.

राहिला साहेबांचा शेरा. सोनवणे सरांनी तो वाचला आणि शेरेबुक माझ्यापुढं सरकवलं. आता आपली बदलीच, असं धरून मी वाचायला घेतलं. सरकारी अक्षरात, अजून ओल्या शाईत, खाली सही आणि हुद्द्यासकट तीनच वाक्यं होती.

'आज शाळेस भेट दिली. हत्ती पाहिला, तब्येत ठीक आहे. दूध देतो.'